व्हॉइस आणि प्रयोग : एका प्रचलित समीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी व्याकरणातील 'व्हॉइस' हा घटक शिकविताना एक समीकरण गृहीत धरले जाते. अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, असे ते समीकरण होय. मार्गदर्शक पुस्तिका, शिकवणीवर्गांची टिपणे आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके यांतून ते इतके रूढ झाले आहे की, त्याची तपासणी करण्याची गरजच कोणास वाटत नाही. पदवीच्या प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी ते सोबत घेऊन येतो. महाविद्यालयात इंग्रजी आणि मराठी हे दोन्ही विभाग असतात. परंतु एक विभाग प्रयोग शिकवितो, दुसरा व्हॉइस शिकवितो आणि दोहोंच्या मधली भिंत तशीच उभी राहते.

हे समीकरण केवळ ढोबळ असते, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. अध्यापनात काही सुलभीकरणे क्षम्य असतात. परंतु मराठीत जी वाक्ये सर्वाधिक बोलली जातात, त्या साध्या भूतकाळी सकर्मक वाक्यांतच ते नेमके उलटे ठरते. प्रस्तुत चिकित्सेसाठी नंदुरबार जिल्ह्याची पार्श्वभूमी घेण्यामागे दोन कारणे आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. येथील विद्यार्थी घरी भिल्ली, मावची, पावरी, वसावी, कोकणी, अहिराणी वा गुजर बोली बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकतो आणि तिच्या आधाराने इंग्रजीकडे जातो. मधली पायरी सदोष असेल, तर त्याचा तोल मराठीभाषक विद्यार्थ्यापेक्षा अधिक जातो. दुसरे कारण असे की, क्रिया कोणी केली हे सांगणारी आणि न सांगणारी वाक्ये या जिल्ह्याच्या इतिहासात आणि सरकारी कागदांत फार महत्त्वाची ठरली आहेत.

समीकरण कोठे मोडते

'राम भाकर खातो' हे वाक्य कर्तरी प्रयोगाचे आहे, कारण क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. तेच वाक्य भूतकाळात नेले की 'रामाने भाकर खाल्ली' असे होते. येथे क्रियापद 'भाकर' या कर्माप्रमाणे चालते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वर्णने बिनचूक आहेत. आता समीकरण लावावे. राम आज भाकर खातो तेव्हा वाक्य अ‍ॅक्टिव्ह आणि काल खाल्ली तेव्हा पॅसिव्ह! उद्या तो 'भाकर खाईल' तेव्हा पुन्हा अ‍ॅक्टिव्ह. 'रामाने भाकर खावी' असे कोणी सुचविले, तर परत पॅसिव्ह. इंग्रजीत मात्र या चारही वाक्यांची सरळ भाषांतरे अ‍ॅक्टिव्ह व्हॉइसमध्येच होतात. काळ वा अर्थ बदलल्याने व्हॉइस बदलतो, असे कोणतेही इंग्रजी व्याकरण मानीत नाही.

काही क्रियापदे तर हा घोटाळा एकाच काळात उभा करतात. 'मुलीने नाव लिहिले' हा कर्मणी प्रयोग. 'मुलगी नाव विसरली' हा कर्तरी. 'शिकणे', 'विसरणे' अशी क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळी कर्त्याप्रमाणे चालतात. लिहिणारी मुलगी पॅसिव्ह आणि विसरणारी अ‍ॅक्टिव्ह, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु समीकरणाचा निष्कर्ष तोच निघतो. 'तू भाकर खाल्लीस' या वाक्यात तर क्रियापदाने दोन्ही दगडांवर पाय ठेवले आहेत. 'खाल्ली' हा भाग भाकरीशी जुळतो आणि शेवटचा 'स' तू या कर्त्याशी. मराठी व्याकरणकारांनी त्याला कर्तृ-कर्म संकर असे समर्पक नाव दिले. समीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी या वाक्याचा व्हॉइस कोणता मानावा? अर्धा अ‍ॅक्टिव्ह आणि अर्धा पॅसिव्ह अशी सोय इंग्रजीत नाही. 'रामाने रावणास मारले' या भावे प्रयोगाची स्थितीही तशीच आहे. त्याला जोडीदार सापडत नाही, म्हणून पुस्तिका त्याचा उल्लेखच टाळतात.

'रामाने भाकर खाल्ली' यात राम खरोखर गौण झाला आहे काय, हे तपासण्याचा मार्ग मराठी वाक्यरचनेतच आहे. 'रामाने आपली भाकर खाल्ली' यातील 'आपली' हा शब्द रामाकडेच निर्देश करतो. 'शेतातून येऊन रामाने भाकर खाल्ली' यात शेतातून येणारा रामच आहे, भाकर नव्हे. म्हणजे 'ने' प्रत्यय लागला आणि क्रियापदाने कर्माशी मेळ साधला, तरी वाक्याचे उद्देश्यपद रामाकडून हिरावले गेलेले नाही. इंग्रजी पॅसिव्हमध्ये ते हिरावले जाते. तेथे भाकर उद्देश्याच्या जागी येते आणि राम 'बाय' या शब्दाच्या आश्रयाने वाक्याच्या शेवटी उभा राहतो, किंवा वाक्याबाहेर जातो.

येथून विद्यार्थ्याच्या एका नेहमीच्या चुकीचा उलगडा होतो. शालेय विभक्तितक्त्यात तृतीयेच्या 'ने' प्रत्ययापुढे इंग्रजी अर्थ म्हणून 'बाय' दिलेला असतो. त्यात कर्मणी म्हणजे पॅसिव्ह हे पाठ असते. मग 'रामाने आंबा खाल्ला' याचे भाषांतर 'राम एट अ मँगो' असे न करता 'अ मँगो वॉज ईटन बाय राम' असे करणारा विद्यार्थी निष्काळजी ठरत नाही. त्याने शिकविलेले दोन्ही नियम प्रामाणिकपणे पाळलेले असतात.

समीकरणाचे मूळ

ही गफलत अडाणीपणातून आलेली नाही. तिची मुळे एका प्रतिष्ठित परंपरेत आहेत. कर्तरी, कर्मणी आणि भावे ही नावे संस्कृत व्याकरणाची होत. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (३.४.६९) लकार कोणत्या अर्थी होतात हे सांगताना कर्ता, कर्म आणि भाव असे तीन अर्थ येतात. संस्कृतात 'बालकः फलं खादति' आणि 'बालकेन फलं खाद्यते' या दोन रचना एकाच काळात वक्त्यापुढे उपलब्ध असतात. त्यांतील कोणती वापरावयाची हे वक्ता ठरवितो. त्यामुळे संस्कृतपुरते पाहिले, तर कर्मणी प्रयोग आणि पॅसिव्ह यांची तुलना फारशी चुकीची नाही.

मराठीपर्यंत येताना मात्र भाषेत एक मोठी उलथापालथ झाली. संस्कृतातील भूतकाळवाचक क्रियारूपे प्राकृत अवस्थेत लोप पावत गेली आणि त्यांची जागा 'क्त' प्रत्ययान्त धातुसाधितांनी घेतली. तृतीयेतील कर्ता आणि कर्माशी मेळ घेणारे धातुसाधित ही मुळातली कर्मणी रचना हाच भूतकाळ सांगण्याचा एकमेव साधा मार्ग उरला. मराठीतील 'रामाने भाकर खाल्ली' ही रचना त्या घराण्यातली आहे. तिचा कुळवृत्तान्त कर्मणी असला, तरी आजची वागणूक तशी नाही. भूतकाळात 'राम भाकर खाल्ला' असे म्हणण्याचा पर्यायच मराठी वक्त्याजवळ नाही. पॅसिव्ह व्हॉइस ही वक्त्याने केलेली निवड असते. मराठीचा भूतकाळी कर्मणी प्रयोग ही भाषेने केलेली सक्ती आहे. हा भेद लक्षात घेतला, तर समीकरण टिकत नाही.

संज्ञा जुन्या राहिल्या आणि आशय बदलला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठी व्याकरणकार संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन आरशांत पाहून मराठीचे चित्र काढीत आले. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथाने प्रयोगविचाराला भक्कम विस्तार दिला. पुढे अरविंद मंगरूळकर यांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' (१९६४) आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' (१९८७) या ग्रंथांतून उसन्या चौकटींकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले. हे सारे विवेचन मराठीच्या पदव्युत्तर वर्गात अभ्यासले जाते. मात्र ते शेजारच्या इंग्रजीच्या वर्गापर्यंत पोहोचले नाही, आणि शालेय पुस्तिकांपर्यंत तर मुळीच नाही.

आश्चर्याची बाब अशी की, या पेचातून बाहेर पडण्याची वाट हिंदी व्याकरणाने शंभर वर्षांपूर्वीच दाखविली होती. कामताप्रसाद गुरू यांनी आपल्या 'हिंदी व्याकरण' (१९२०) या ग्रंथात 'वाच्य' आणि 'प्रयोग' या दोन स्वतंत्र संज्ञा वापरल्या. क्रियापद कोणाशी मेळ घेते हे प्रयोग सांगतो. वाक्यात कर्त्याविषयी विधान आहे की कर्माविषयी हे वाच्य सांगते. त्यामुळे 'लड़के ने पुस्तक पढ़ी' यासारखे वाक्य वाच्याने कर्तृवाच्य आणि प्रयोगाने कर्मणी ठरते, आणि त्यात कोणताही विरोध राहत नाही. गुरूंनी या कामी दामल्यांच्या मराठी व्याकरणाचा आदर्श पुढे ठेवला होता. ज्या भाषेतून आदर्श गेला, त्या भाषेच्या शाळेत मात्र दोन संकल्पनांना अद्याप एकच नाव पुरविले जाते. 'वाच्य' हा शब्द मराठीला परका नाही आणि महाराष्ट्रातील विद्यार्थी हिंदीच्या तासाला तो ऐकतही असतो. इंग्रजीच्या तासाला व्हॉइससाठी 'वाच्य' हा शब्द योजावा आणि 'प्रयोग' ही संज्ञा मेळापुरती राखावी, एवढ्या बदलाने निम्मा गोंधळ नाहीसा होईल. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही.

रूपांतराचा स्वाध्याय

समीकरणाइतकाच हानिकारक आहे तो 'चेंज द व्हॉइस' हा प्रश्न. कर्म पुढे आणा, 'टू बी'चे योग्य रूप घाला, क्रियापदाचे तिसरे रूप लिहा, 'बाय' लावून कर्ता मागे ठेवा, अशी ही कृती आहे. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने भारतातील अनेक पिढ्यांना ती शिकविली. कृती म्हणून ती निर्दोष आहे. तिने विद्यार्थ्याला गुण मिळतात, हेही नाकारता येत नाही. परंतु पॅसिव्ह का वापरावे, हा प्रश्न या कृतीत कोठेही येत नाही. दोन वाक्ये एकाच अर्थाची आहेत आणि एकातून दुसरे काढणे हा अंकगणितासारखा व्यायाम आहे, अशी समजूत मात्र पक्की होते.

दोन वाक्यांचा अर्थ नेहमी एकच असतो, हेही खरे नाही. खोलीतील प्रत्येकास किमान दोन भाषा येतात, या अर्थाचे इंग्रजी वाक्य पॅसिव्हमध्ये नेले तर त्या दोन भाषा सर्वांच्या सारख्याच आहेत असा अर्थ निघू शकतो, हे नोम चॉम्स्की यांनी १९५७ मध्येच 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या पुस्तकात दाखविले होते. नवापूरच्या एखाद्या वर्गाला हे उदाहरण लावून पाहावे. तेथील प्रत्येक विद्यार्थ्यास दोन भाषा येतात हे सहज खरे असेल. त्या दोन भाषा सर्वांच्या त्याच असतील, हे मात्र संभवत नाही.

याहून महत्त्वाची बाब 'बाय'ची आहे. क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद् व्याकरणानुसार इंग्रजीतील सुमारे पाचांपैकी चार पॅसिव्ह वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नसतो. कर्ता माहीत नसतो, सांगण्याची गरज नसते किंवा सांगावयाचा नसतो, म्हणून तर ती रचना निवडली जाते. वर्गात मात्र पाचांतले उरलेले एक वाक्यच जवळजवळ सर्व वेळ घोटून घेतले जाते. दार उघडण्याची आज्ञा 'लेट द डोअर बी ओपन्ड' अशी फिरवून लिहिणारा विद्यार्थी जे वाक्य शिकतो, ते त्याला आयुष्यात कोणी ऐकविणार नाही. दुसऱ्या टोकाला ऑर्वेलने १९४६ साली दिलेला पॅसिव्ह टाळण्याचा सल्ला लेखनकौशल्याच्या तासाला सांगितला जातो. व्याकरणाच्या तासाला पॅसिव्ह करा आणि लेखनाच्या तासाला करू नका, अशा दोन आज्ञांत विद्यार्थ्याने काय करावे, हे कोणी सांगत नाही. (प्राध्यापकांच्या शोधनिबंधांत 'अभ्यास करण्यात आला', 'निष्कर्ष काढण्यात आले' या रचनांची रेलचेल असते, हे जाता जाता नोंदवावे. तेथे कर्ता कोण, हे लेखाच्या मथळ्याखालच्या नावावरून ओळखावयाचे असते.)

कर्ता झाकण्याच्या मराठी रीती

मग इंग्रजी पॅसिव्हचे खरे मराठी प्रतिरूप कोणते? एकच प्रतिरूप नाही, हे त्याचे उत्तर आहे. आणि हाच भाग वर्गात सर्वांत कमी शिकविला जातो.

'बाय' असलेल्या पॅसिव्हचे काम मराठी बहुधा शब्दक्रमावर भागविते. 'ही शाळा गावकऱ्यांनी बांधली' हे वाक्य 'धिस स्कूल वॉज बिल्ट बाय द व्हिलेजर्स' याचे चोख भाषांतर आहे. कर्म आधी आले, शाळा हा बोलण्याचा विषय झाला, आणि क्रियापदाला हात लावावा लागला नाही. 'ही शाळा गावकऱ्यांद्वारे बांधली गेली' असे लिहिणारा विद्यार्थी मराठी बिघडवितो आणि इंग्रजीही शिकत नाही. 'गेला-गेली-गेले' लावून होणाऱ्या रचनेला मराठी व्याकरणात नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी असे नाव आहे. 'चोर पकडला गेला' यासारख्या वाक्यात ती शोभते. तेथेही पकडणाऱ्याचे नाव घेण्याची गरज बहुधा नसते. 'कडून' या शब्दयोगी अव्ययाला तर स्वतःचा स्वभाव आहे. 'माझ्याकडून कप फुटला' म्हणणारा आपण मुद्दाम फोडला नाही, असे सांगत असतो. 'बाय' या शब्दात ही क्षमायाचना नाही.

कर्ता नसलेल्या पॅसिव्हसाठी मराठीजवळ अनेक साधने आहेत. फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, जाळणे-जळणे, बुडवणे-बुडणे अशा जोड्यांतील दुसरे क्रियापद घेतले की कर्ता आपोआप नाहीसा होतो. 'होणे' हे क्रियापद भाववाचक नामाला जोडले की तेच घडते : चौकशी झाली, बदली झाली, लाठीमार झाला. आणि कार्यालयीन मराठीचे आवडते 'ण्यात येणे' तर आहेच. 'कळविण्यात येते', 'रद्द करण्यात येत आहे' या रचनेत क्रिया कोणा माणसाने जाणूनबुजून केली, हे गृहीत असते. फक्त तो माणूस दिसत नाही. आग 'लागली' असे म्हणता येते, आग 'लावण्यात आली' असेही म्हणता येते. परंतु पाऊस 'पाडण्यात आला' असे कृत्रिम पावसाखेरीज म्हणता येत नाही. मराठीतील अस्सल, सर्वत्र चालणारे पॅसिव्ह शोधावयाचे तर ते येथे सापडते. शालेय व्याकरणाच्या प्रयोगप्रकरणात त्याला जेमतेम जागा मिळते.

या रीतींचे वजन नंदुरबारच्या माणसाला एका उदाहरणाने कळू शकते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार शहरात निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता याच्यासह पाच जण हुतात्मा झाले. हा प्रसंग जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत सांगितला जातो. तो किती प्रकारे सांगता येतो ते पाहावे. 'पोलिसांनी गोळ्या झाडल्या.' 'गोळ्या झाडल्या गेल्या.' 'गोळीबार करण्यात आला.' 'गोळीबार झाला.' 'पाच जण हुतात्मा झाले.' पहिल्या वाक्यात बंदूक कोणाच्या हाती होती, हे सांगितले आहे. दुसऱ्या वाक्यात हात आहेत, चेहरा नाही. तिसऱ्यात कोणी अधिकारी कोठेतरी असावा, असा सुगावा उरतो. चौथ्यात गोळीबार हा वादळासारखा आपला आपण घडतो. पाचव्यात गोळीही उरली नाही. श्रद्धा तेवढी राहिली. प्रत्येक वाक्याला त्याचे उचित स्थान आहे. स्मारकाजवळच्या भाषणात पाचवे वाक्य योग्यच ठरेल. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत केवळ तेवढे लिहिणे अपुरे.

आता प्रचलित समीकरण या पाच वाक्यांना लावले तर काय होते? 'पोलिसांनी गोळ्या झाडल्या' हे कर्मणी, म्हणून पॅसिव्ह. 'गोळीबार झाला' हे कर्तरी, म्हणून अ‍ॅक्टिव्ह. म्हणजे कर्त्याचे नाव निर्भीडपणे घेणारे वाक्य पॅसिव्ह ठरते आणि त्याला संपूर्ण पुसून टाकणारे अ‍ॅक्टिव्ह! ज्या घटकाचा उद्देशच कर्त्याचे वाक्यातील स्थान ओळखणे हा आहे, तो घटक शिकून विद्यार्थी ते ओळखण्याच्या नेमका उलट दिशेने जातो. मेळापुरती संज्ञा वाच्यासाठी वापरण्याची ही किंमत आहे.

बोलींच्या बाजूने

नंदुरबारचा विद्यार्थी या घटकाकडे रिकाम्या हातांनी येत नाही. अहिराणीत 'आंबा खादा' आणि 'भाकर खादी' असा भेद होतो. गुजरातीत 'रामे रोटली खाधी' असे म्हणतात. भूतकाळी सकर्मक क्रियापदाने कर्माशी मेळ घ्यावा, ही रीत मराठीच्या शेजारच्या या भाषांतही आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली बोली आणि खानदेशी यांचे वर्णन एकत्र आले आहे. त्यात मावची, पावरी, देहवाली यांचाही समावेश आहे. शंभर वर्षांहून जुना असा हा खंड जिल्ह्यातील इंग्रजीच्या अध्यापकाने चाळावयास हरकत नाही.

साम्य आहे तसे सापळेही आहेत. नवापूरचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवर, दोन्ही राज्यांत विभागलेले आहे. तेथील कानांवर दोन 'ने' पडतात. मराठीत 'रामाने' म्हटले की राम करणारा असतो. गुजरातीत 'रामने' म्हटले की क्रिया रामावर होत असते किंवा त्याला काही दिले जात असते. एकच ध्वनी एका भाषेत कर्त्याला चिकटतो आणि दुसरीत कर्माला. अहिराणीत हे काम 'ले' करतो : 'रामले'. शिवाय गुजरातीत 'रामे छोकरीने जोई' असे म्हणताना कर्माला प्रत्यय लागूनही क्रियापद स्त्रीलिंगीच राहते, तर मराठीत 'रामाने मुलीला पाहिले' असे नपुंसकलिंगी होते. ज्या विद्यार्थ्याच्या डोक्यात हे सारे मेळ एकाच वेळी नांदतात, त्याला 'ने म्हणजे बाय' हा नियम देणे म्हणजे चार रस्त्यांच्या चौकात एकच आणि तीही चुकीची पाटी लावणे होय. त्याऐवजी घरच्या बोलीत, मराठीत आणि इंग्रजीत एकच घटना सांगावयास लावून 'कोणी केले?' एवढा प्रश्न विचारला, तर प्रत्येक भाषा त्याचे उत्तर कोठे ठेवते, हे तो स्वतः दाखवील. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर हा प्रश्न विचारता न यावा, यात दोष विद्यार्थ्याचा मानता येत नाही.

कागदावरचे वाक्य

सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बुडितक्षेत्रात आली. ती सर्व नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील आहेत. 'गाव बुडाले' आणि 'गाव बुडवले' यांतील एका अक्षराच्या फरकावर दीर्घकाळ वाद झाला. दोन्ही बाजू त्या फरकाचे महत्त्व जाणून होत्या. 'प्रकल्पबाधित' या सरकारी शब्दात तर संपूर्ण पॅसिव्ह वाक्य दुमडून ठेवलेले आहे. कोणी बाधित केले, हे विचारण्याची जागा त्यात उरत नाही. प्रकल्प हाच कर्ता होऊन बसतो.

याहून रोजच्या व्यवहारातले उदाहरण वनहक्कांचे आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमानुसार दावा प्रथम ग्रामसभेपुढे जातो. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे साठ दिवसांच्या आत दाद मागता येते. २०२० साली राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय स्तरावर जाण्याची सोय झाली. म्हणजे दावा कोणी फेटाळला, यावर दावेदाराने कोणत्या कार्यालयाची पायरी चढावयाची हे अवलंबून असते. अशा वेळी हाती आलेल्या कागदावर 'आपला दावा फेटाळण्यात आला आहे' एवढेच वाक्य असेल, तर ते वाक्य मराठीच्या दृष्टीने शुद्ध आणि दावेदाराच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. इंग्रजीत त्याचे भाषांतर 'युवर क्लेम हॅज बीन रिजेक्टेड' असे तंतोतंत होईल; तेही तितकेच शुद्ध.

धडगाव किंवा मोलगीच्या परिसरातून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याकडे घरची माणसे असा कागद वाचावयास देतात. त्याने हे वाक्य अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह हे ओळखले तर उत्तम. परंतु समीकरण पाठ करून आलेल्या विद्यार्थ्याला ते ओळखता आले, तरी वाक्यातून कोणता शब्द गळला आहे, याचा शोध घेण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते. स्वाध्यायातील वाक्यांत 'बाय राम' नेहमीच हजर असतो. कागदावर तो नसतो. आणि साठ दिवस मोजावयाचे कोणत्या कार्यालयात जाण्यासाठी, हे त्याच जागी लिहिलेले असावयास हवे होते.